गांजा कायदेशीर झाला, पण भरपाई कोणाकडे मागायची?

१९६५ साली अमेरिकन लॉ इन्स्टिट्यूटने एक जाडजूड ग्रंथ काढला, त्यातलं कलम ४०२-अ म्हणजे तिथल्या प्रॉडक्ट लायबिलिटीचा पाया. सदोष आणि धोकादायक माल विकला आणि त्याने कोणाला इजा झाली तर विकणारा जबाबदार, मग त्याने बनवताना कितीही काळजी घेतलेली असो, असं साधारण ते कलम आहे. आता हे वाचल्यावर कोणीही विचारणारच की मग दारूवाल्यांचं काय, म्हणून खाली एक टीप जोडलीये आणि ती टीप मला भारी आवडते. चांगली व्हिस्की पिऊन माणूस झिंगतो म्हणून ती व्हिस्की सदोष होत नाही, पण विषारी घटक असलेली खराब व्हिस्की सदोष. चांगलं लोणी खाऊन रक्तवाहिन्या तुंबल्या तरी लोणी सदोष नाही, त्यात विषारी माशाचं तेल मिसळलं असेल तर सदोष. आणि चांगली तंबाखू आरोग्याला वाईट असली तरी सदोष नाही, पण तंबाखूत गांजासारखं काहीतरी मिसळलेलं असेल तर मात्र असू शकते!

म्हणजे ज्यांनी हा नियम लिहिला त्यांच्या डोक्यात गांजा हा माल नव्हताच, ती भेसळ होती. आणि आज अमेरिकेतल्या २४ राज्यांत २१ वर्षांवरच्या माणसाला तो कायद्याने मिळतो, बारकोड लावलेला, पावतीसकट. मग आता प्रश्न असा की "चांगला" गांजा कुठला आणि "खराब" कुठला, आणि खराब निघाला तर पैसे कोण देणार. गांजा कायदेशीर करावा की नाही यावर लोक तासन् तास भांडतात, इकडून स्वातंत्र्य तिकडून तरुण पिढी, पण या दुसऱ्या प्रश्नावर फार कोणी बोलत नाही आणि माझ्या मते खरी गोम तिथेच आहे.

माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटपर्यंत ताणायला नको. कायदेशीर करण्याचा सगळ्यात मोठा फायदा टॅक्स नाही आणि पोलिसांचा वेळ वाचणं पण नाही, तर आता समोर एक पत्ता असतो. पाकिटावर कंपनीचं नाव, बॅच नंबर, लॅबचा रिपोर्ट. काही झालं तर कोर्टात खेचायला कोणीतरी असतं. गल्लीत विकणाऱ्यावर कोण दावा लावणार? २०१९ मधे अमेरिकेत व्हेपिंग करणाऱ्यांची फुप्फुसं अचानक निकामी व्हायला लागली ते आठवत असेल. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ लोक हॉस्पिटलात दाखल झालेले किंवा दगावलेले, त्यातले मृत्यू ६८. मुख्य संशयित निघालं व्हिटॅमिन ई ॲसिटेट, टीएचसीचं (म्हणजे गांजातल्या नशा आणणाऱ्या घटकाचं) तेल दाट दिसावं आणि कमी मालात व्हेपची जास्त काडतुसं भरता यावीत म्हणून घातलेलं. बहुतेकांनी तो माल मित्राकडून, ऑनलाइन, नाहीतर काळ्या बाजारातून घेतला होता. म्हणजे फुप्फुस गेलं आणि बोट दाखवायला समोर कोणीच नाही.

तर पत्ता मिळाला हे चांगलंच झालं. पण त्या पत्त्यावर जाऊन दार वाजवलं की काय होतं ते बघा.

२०१५ मधे डेन्व्हर शहराने तिथल्या गांजा उत्पादकांची हजारो झाडं अडवून ठेवली, कारण त्यांवर ईगल २० नावाचं बुरशीनाशक मारलेलं होतं. त्यात मायक्लोब्युटॅनिल असतं. द्राक्षांवर हेच औषध मारायला परवानगी आहे, पण द्राक्षं कोणी पेटवून ओढत नाही ना. हे रसायन तापलं की त्यातून हायड्रोजन सायनाइड निघू शकतं. दोन ग्राहकांनी लिव्हवेल या मोठ्या कंपनीवर दावा लावला की तुम्ही आम्हाला हे न सांगता विकलंत. कायदेशीर गांजा कंपनीवरचा प्रॉडक्ट लायबिलिटीचा हा पहिलाच दावा म्हणून तेव्हा खूप गाजला. आणि २०१६ च्या फेब्रुवारीत न्यायाधीशांनी तो फेटाळला, कारण वादींना प्रत्यक्ष इजा काय झाली ते त्यांनी दाखवलंच नव्हतं. ओढला, आजारी पडले नाहीत, मग नुकसान कसलं? कॅनडात पण जवळपास असंच. तिथे ऑर्गेनिग्रॅम कंपनीच्या औषधी गांजात हेच मायक्लोब्युटॅनिल सापडलं, माल परत मागवला गेला, ग्राहकांचा सामूहिक दावा उभा राहिला, आणि २०२० मधे नोव्हा स्कोशिया प्रांताच्या अपील कोर्टाने तब्येत बिघडल्याचा भाग त्यातून काढून टाकला, मालाच्या पैशांचा भाग तेवढा राहिला.

कायद्याच्या दृष्टीने हे चूक आहे असं मी म्हणणार नाही. इजा नसेल तर भरपाई कशाची, हे बरोबरच आहे. पण धुराने होणारी इजा २० वर्षांनी दिसते, आणि २० वर्षांनी ती कुठल्या कंपनीच्या कुठल्या बॅचमुळे झाली हे कोण सिद्ध करणार? माणूस तोपर्यंत दहा ब्रँड ओढून मोकळा झालेला असतो.

यावर अमेरिकन कोर्टांनी एकदा एक भन्नाट तोडगा काढला होता. डीईएस नावाचं औषध अनेक वर्षं गरोदर बायकांना गर्भपात होऊ नये म्हणून दिलं जायचं, पुढे त्यांच्या मुलींना तरुणपणी कॅन्सर व्हायला लागले. औषध बनवणाऱ्या कंपन्या ढीगभर, फॉर्म्युला सगळ्यांचा एकच, आणि आईने कुठल्या कंपनीची गोळी खाल्ली होती ते इतक्या वर्षांनी कोणाला आठवणार. १९८० मधे सिंडेल केसमधे कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ठीक आहे, तेव्हा बाजारात ज्याचा जितका वाटा होता त्याने तितकी भरपाई द्यायची, नाहीतर ती गोळी आपली नव्हतीच हे सिद्ध करायचं. गांजाला हे चालेल का? मला नाही वाटत, कारण डीईएसची गोळी सगळीकडे सारखीच होती आणि गांजाचं तसं अजिबात नाही, एकाची फुलं १५ टक्के टीएचसीची, दुसऱ्याचं मेणासारखं कॉन्संट्रेट ८० टक्क्यांचं, तिसऱ्याची गमी, म्हणजे चघळायची गोळी. पण कोर्टाने मनावर घेतलं तर वाट काढता येते एवढं तरी त्यातून कळतं.

आता खाण्याच्या प्रकाराकडे येते, म्हणजे एडिबल्स, कारण मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते यावर.

कोलोरॅडोत १ जानेवारी २०१४ ला दुकानं उघडली आणि मार्चमधेच एक १९ वर्षांचा विद्यार्थी गेला. त्याच्या २३ वर्षांच्या मित्राने दुकानातून कुकी आणली होती, एका कुकीत ६५ मिलिग्रॅम टीएचसी, म्हणजे साडेसहा माणसांना पुरेल इतकं. दुकानातल्या माणसाने सांगितलं होतं की सहा तुकडे करा आणि एका वेळी एकच खा. मुलाने आधी एक तुकडाच खाल्ला. अर्धा-एक तास काहीच झालं नाही. मग त्याने उरलेली सगळी कुकी खाल्ली. पुढे तो असंबद्ध बोलायला लागला, चिडला, आणि पहिला घास खाल्ल्यापासून साधारण साडेतीन तासांनी चौथ्या मजल्याच्या बाल्कनीतून त्याने उडी मारली.

यात नियमाप्रमाणे धोक्याची सूचना दिलेलीच होती हे लक्षात घ्या. ओढलेला गांजा काही मिनिटांत डोक्यात जातो पण खाल्लेला लिव्हरमधून फिरून येतो, तिथे टीएचसीचं ११-हायड्रॉक्सी-टीएचसी होतं जे आणखी जोरात चढतं, आणि या सगळ्याला अर्धा तास ते दोन तास लागू शकतात. हे सगळं बनवणाऱ्याला माहिती असतं. तरी त्याने काय बनवलं तर कुकी! जगातला कुठला माणूस कुकीचा सहावा हिस्सा खाऊन उरलेली ठेवून देतो? माणसाच्या साध्या सवयीच्या विरुद्ध जाणारी वस्तू बनवायची आणि वर चिठ्ठी चिकटवायची की सवय बाजूला ठेवा, याला मी तरी सूचना देणं म्हणत नाही. डिझाइनच सदोष आहे हे. कायद्यात पण दोषाचे तीन प्रकार मानतात, बनवताना झालेली गडबड, मुळात आराखडाच चुकीचा, आणि धोका न सांगणं. गांजाच्या केसेसमधे सगळे वकील तिसऱ्याच्या मागे धावतात कारण तो सिद्ध करायला सोपा वाटतो, पण कंपनीने लेबल छापलं की तोच मुद्दा त्यांच्याच बाजूने उलटतो.

त्याच वर्षी डेन्व्हरमधे आणखी एक भयंकर प्रकार झाला, एका नवऱ्याने गांजाची कँडी खाऊन भ्रमात बायकोला गोळी घातली, ती पोलिसांशी फोनवर बोलत असताना. २०१६ मधे मुलांच्या वतीने कँडी बनवणाऱ्यावर आणि विकणाऱ्यावर दावा लागला की वेष्टनावर भ्रम, भीती, वेडेपणाचे झटके याबद्दल एक अक्षर नव्हतं. नवऱ्याने पुढे गुन्हा कबूल केला, ३० वर्षांची शिक्षा झाली. त्यामुळे अवघड प्रश्न उरतोच, की ज्याने ट्रिगर ओढला तो तुरुंगात गेल्यावर कँडीवाल्याचा वाटा किती धरायचा? शून्य नाही असं मला वाटतं. पण शंभर टक्के तर नक्कीच नाही.

कोलोरॅडोने शिकायचं ते शिकलं हे मान्य करायला हवं. एका वेळचा डोस १० मिलिग्रॅमच्या वर नाही, अख्ख्या पाकिटात १०० च्या वर नाही, प्रत्येक तुकडा वेगळा आणि त्याच्यावर खूण, आणि २०१७ पासून अस्वलाच्या, फळांच्या आकाराच्या गमी बंद. कॅनडा तर आणखी कडक, तिथे अख्ख्या पाकिटातच १० मिलिग्रॅम. म्हणजे डिझाइन बदलता येत होतं. मग आधी का नाही बदललं, असं विचारणारा एखादा दावा कोर्टात शेवटपर्यंत जायला हवा होता, निदान पुढच्या कंपनीला धाक राहिला असता.

कारण लहान मुलांचं काय झालं ते आकडे बघा. सहा वर्षांखालच्या मुलांनी चुकून गांजाचं एडिबल खाल्ल्याचे अमेरिकेतल्या विषबाधा केंद्रांकडे आलेले फोन २०१७ मधे २०७ होते, २०२१ मधे ३,०५४. चार वर्षांत जवळजवळ पंधरापट! यात कायदेशीर मालाबरोबर बेकायदेशीर नकली पाकिटं पण आहेत, हुबेहूब स्किटल्स या गोळ्यांच्या पाकिटांसारखी दिसणारी, ज्यावरून रिगली कंपनीने २०२१ मधे दावा लावला. गंमत म्हणजे (गंमत कसली) चॉकलेट-गोळ्यांच्या कंपनीचा ट्रेडमार्क दुखावला तर कोर्टात कोणावर आणि कसा दावा लावायचा याची वाट एकदम स्वच्छ, आणि पोर दोन दिवस आयसीयूत राहिलं तर आईबापांनाच विचारणार की डबा वर का नव्हता ठेवला.

लेबलने कंपनी कशी वाचते हे बघायचं असेल तर सिगरेटचा इतिहास काढा. १९६४ ला सर्जन जनरलचा, म्हणजे सरकारच्या मुख्य आरोग्य अधिकाऱ्याचा, सिगरेटच्या धोक्यावरचा रिपोर्ट आला, १९६५ ला अमेरिकन संसदेने पाकिटावर इशारा छापायचा कायदा केला, आणि सगळ्यांना वाटलं की झालं, तंबाखूवाले हरले. उलटच झालं. पुढची कित्येक वर्षं कंपन्या कोर्टात तोच इशारा दाखवत राहिल्या, की बघा आम्ही सांगितलं होतं, माणसाने स्वतःच्या मर्जीने ओढली. १९८८ मधे सिपोलोन नावाच्या, सिगरेट ओढून कॅन्सरने गेलेल्या बाईच्या केसमधे ज्युरीने पहिल्यांदा ४ लाख डॉलर द्यायला सांगितले, ते पण अपिलात उडाले, १९९२ मधे सुप्रीम कोर्टाने सांगितलं की १९६९ च्या फेडरल (म्हणजे केंद्राच्या) कायद्यानंतर "पुरेसा इशारा दिला नाही" असा राज्याच्या कायद्याखालचा दावा चालणारच नाही, फसवणुकीचा वगैरे चालेल, आणि शेवटी केसच मागे घेतली गेली, घरच्यांना एक दमडी मिळाली नाही. चित्र पालटलं ते नंतर, कंपन्यांची आतली कागदपत्रं बाहेर आली आणि मिसिसिपीच्या ॲटर्नी जनरलने १९९४ मधे वेगळाच दावा लावला, की तुमच्यामुळे आजारी पडलेल्यांच्या उपचाराचा खर्च आमच्या सरकारने केलाय तो परत द्या. १९९८ ला ४६ राज्यांशी तडजोड झाली, २५ वर्षांत २०६ अब्ज डॉलर. सिगरेट वाईट आहे यावर ते पैसे निघाले नाहीत, ते तर सगळ्यांना आधीपासून माहीत होतं. कंपन्यांना माहिती होतं आणि त्यांनी लपवलं, यावर निघाले.

आणि २०१८ मधे मार्लबोरोवाली आल्ट्रिया कॅनडाच्या क्रोनोस या गांजा कंपनीत ४५ टक्के हिस्सा घ्यायला १.८ अब्ज डॉलर द्यायचं ठरवते तेव्हा माझ्या डोक्यात हेच येतं, की या लोकांना हा सगळा इतिहास आपल्यापेक्षा चांगला पाठ आहे. आत काय लिहायचं, काय नाही लिहायचं, लेबलावर काय छापून ठेवायचं, सगळं.

गांजाबद्दल लपवण्यासारखं काय आहे असं कोणी म्हणेल. आहे की! १९९५ च्या सुमाराला पकडलेल्या मालात सरासरी ४ टक्के टीएचसी असायचं, २०१४ ला १२ च्या आसपास, आणि कॉन्संट्रेट त्याच्या कितीतरी वर. २०१९ मधे लॅन्सेट सायकायट्री या जर्नलमधे युरोप आणि ब्राझीलमधल्या ठिकाणांवरचा एक अभ्यास आला, त्यात १० टक्क्यांच्या वरचा माल रोज घेणाऱ्यांमधे मानसिक आजाराचा झटका येण्याचं प्रमाण कधीच न घेणाऱ्यांच्या जवळपास पाचपट दिसलं. आता यावर उलट वाद पण आहे, की मुळात ज्यांना तो आजार व्हायचा असतो तेच जास्त ओढतात, आणि तो वाद फालतू नाही. पण मुद्दा असा की जास्त टक्केवारी ही कंपन्यांनी निवडलेली गोष्ट आहे, झाड आपोआप तसं झालेलं नाही. दुकानात टक्केवारी बघूनच भाव ठरतो, त्यामुळे जी लॅब आकडा फुगवून देईल तिच्याकडे माल पाठवायचा असा धंदाच झालाय, कॅलिफोर्नियात यावरून ग्राहकांनी सामूहिक दावे लावलेत. तिथे तक्रार अशी की लिहिलंय त्यापेक्षा कमी निघालं. कमी! म्हणजे ज्या दाव्यात पैसे मिळायची शक्यता आहे तो नशा कमी झाली म्हणून.

काही लोकांचं म्हणणं असतं की मग सरळ करून टाका ना, गांजा काय सगळंच कायदेशीर करा आणि त्यातून जे काही नुकसान होईल त्या सगळ्याची भरपाई बनवणाऱ्याने द्यायची, दोष असो नसो. ऐकायला एकदम न्याय्य वाटतं. सरकारने ढवळाढवळ करायची नाही, कंपनीच आपला धोका मोजेल आणि किमतीत घालेल. मला हे पटत नाही, एक तर त्या किमतीत काळा बाजार परत जोमाने उभा राहील आणि आपण पुन्हा त्या पत्ता नसलेल्या माणसाकडे, आणि दुसरं म्हणजे ज्याने कीटकनाशक तपासलं, तुकडे छोटे केले, टक्केवारी खाली ठेवली त्याला आणि ज्याने काहीच केलं नाही त्याला, दोघांनाही तेवढ्याच दाव्यांना तोंड द्यावं लागणार. मग काळजी घ्यायचं कारणच उरत नाही. झाडाने नशा येते याची शिक्षा कंपनीला नको, पण कंपनीने जे जे ठरवलं, म्हणजे आकार, डोस, टक्केवारी, फवारणी, जाहिरात, त्या प्रत्येकासाठी तिला कोर्टात उभं करता आलं पाहिजे.

पण समजा उभं केलं आणि जिंकलात. पैसे आहेत कुठे?

हा भाग कोणी वाचत नाही कारण कंटाळवाणा आहे, पण सगळी मेख इथे आहे. १९७० च्या फेडरल कायद्याने गांजा हेरॉइनच्या पंक्तीला शेड्यूल एकमधे, म्हणजे सगळ्यात कडक यादीत, बसवला. राज्यांनी आपापली दारं उघडली तरी फेडरल पातळीवरचा हा गुंता तसाच राहिला, आणि दिवाळखोरीची कोर्टं फेडरल असल्यामुळे गांजा कंपन्यांना तिथे सहसा उभं करत नाहीत. तुम्हाला वाटेल बरं झालं, पळून जाता येणार नाही. पण ॲस्बेस्टॉसवाल्या जॉन्स-मॅनव्हिलने १९८२ मधे दिवाळखोरी मागितली तेव्हा कोर्टाच्या देखरेखीखाली आजारी लोकांसाठी ट्रस्ट उभा राहिला, पुढे येणाऱ्या रुग्णांसाठी पण त्यात पैसे ठेवले गेले. गांजा कंपनी बुडाली तर ती सोयच नाही, राज्याच्या कोर्टाचा रिसीव्हर (मालमत्ता ताब्यात घेऊन देणी भागवणारा) येतो, आणि तारण असलेले सावकार रांगेत पुढे उभे असतात. शिवाय दुकान एका एलएलसीत (मर्यादित जबाबदारीच्या वेगळ्या कंपनीत), शेती दुसऱ्या, ब्रँड तिसऱ्या, अशी रचना असली की ज्याच्यावर दावा जिंकलात त्याच्याकडे टेबल-खुर्चीच निघायची.

राहिला विमा. २०१६ मधे कोलोरॅडोच्या फेडरल कोर्टात ग्रीन अर्थ नावाच्या गांजावाल्याच्या केसमधे विमा कंपनी म्हणाली की हा माल फेडरल कायद्याने बेकायदा आहे म्हणून आम्ही त्याचे पैसे देणार नाही. न्यायाधीशांनी झापलं की पॉलिसी विकताना तुम्हाला धंदा कसला आहे ते माहिती होतं, हप्ते घेतलेत, आता असं चालणार नाही. छान निकाल. मग विमा कंपन्यांनी पुढे काय करायचं ते उघड आहे, व्हेपिंग, फुप्फुसाचे आजार, कीटकनाशक, मानसिक परिणाम असं एकेक पॉलिसीतून वगळायचं, म्हणजे नेमकं जे होऊ शकतं तेच वगळलेलं. म्हणून लायसन्स देताना अशी वगळावगळ नसलेली पॉलिसी दाखवल्याशिवाय लायसन्सच देऊ नये, असं मला वाटतं. छोट्या उत्पादकांना ते जड जाईल हे कळतंय मला, त्यांचा मिळून एक फंड करता येईल, विकलेल्या मालावर थोडा थोडा आकार घेऊन. टॅक्स एवढा घेताच आहात.

कॅलिफोर्नियाने लायसन्ससाठी ५,००० डॉलरचा बाँड ठेवला होता. मी आशेने वाचायला घेतलं. तो बाँड कशासाठी, तर नियम मोडला आणि माल नष्ट करायची वेळ आली तर त्या माल नष्ट करण्याच्या खर्चासाठी.